फर्मवेअर अपडेट अर्ध्यात अडकलं, आता नॅनोव्हीएनए परत कसं उठवायचं?

(हा ऑडिओ एपिसोडचा लिखित भाग आहे. बोलताना तुटलेली वाक्यं थोडी जोडून घेतली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. कमांड ऐकून टाईप करणं अवघड जातं असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून त्या इथे एकेक अक्षर फोडून लिहिल्या आहेत.)

आजचा विषय अगदी छोट्या यंत्राचा आहे, पण ज्याच्या हातात ते बंद पडतं त्याची झोप उडते. यंत्राचं नाव नॅनोव्हीएनए. खिशात मावेल एवढा डबा, पुढे टच स्क्रीन, वरच्या बाजूला दोन पितळी सॉकेट आणि आत बॅटरी. अँटेना तपासायला वापरतात.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. विहिरीत वाकून हाळी दिली की आवाज परत येतो ना, तसं हे यंत्र केबलमधून अँटेनाकडे सिग्नल सोडतं आणि किती परत आला ते मोजतं. जास्त परत आला म्हणजे अँटेना त्या फ्रिक्वेन्सीला नीट बसलेली नाही, तुमची पॉवर हवेत जायच्याऐवजी माघारी फिरतेय. प्रयोगशाळेत हेच काम करणारी यंत्रं लाखांच्या घरात जातात. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, तिथल्या रेडिओ इंजिनिअरलाही हाच प्रश्न पडतो. फक्त त्यांचं यंत्र मोठं आणि आपलं काही हजारांचं.

हे स्वस्तात मिळतं कारण ते खुलं आहे. मूळ रचना एडी५५५ या नावाने काम करणाऱ्या जपानी अभियंत्याची, सर्किट आणि कोड दोन्ही सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं. २०१९ च्या सुमारास चीनमध्ये ह्यूजेनने त्यात सुधारणा करून मोठ्या संख्येने बनवायला घेतलं आणि ते जगभर पसरलं. पुढे डिसलॉर्ड नावाच्या प्रोग्रामरने फर्मवेअर इतकं सुधारलं की आज बहुतेक जण तेच टाकतात. आणि आपली गोष्ट इथेच सुरू होते, कारण नवीन फर्मवेअर आलं की हात शिवशिवतात.

दौंड तालुक्यातल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. तो आणि त्याचे दोन मित्र उसाच्या शेतासाठी लोराचे सेन्सर बनवतात. जमिनीतली ओल घरबसल्या कळावी आणि मोटर घरूनच चालू-बंद करता यावी, एवढाच उद्देश. शहरातल्या लोकांना हे हौसेचं वाटेल. आपल्याकडे शिरूर, दौंड, जुन्नर, आंबेगावच्या उसात बिबट्या आहे आणि शेतीची लाईट पुष्कळदा रात्री येते. म्हणजे रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला उसाच्या कडेने जायचं. घरात म्हातारे आई-वडील असतील तर ही गोष्ट हौसेची राहत नाही. तर या तिघांनी पैसे काढून नॅनोव्हीएनए घेतलं, कारण बाजारात मिळणाऱ्या अँटेनांवर लिहिलेलं एक असतं आणि त्या ट्यून झालेल्या असतात भलतीकडे. भारतात लोरासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा छोटा पट्टा बिनपरवाना वापरता येतो आणि हातात येते ती अँटेना ९१५ ची.

त्याने डेस्कटॉपवरून अपडेट चालू केलं, अर्धं झालं आणि लाईट गेली. यूपीएस नव्हता. पुन्हा चालू केलं तर स्क्रीन पूर्ण पांढरी, बटण दाबून काही नाही, कॉम्प्युटरला जोडलं तरी काही नाही. मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवलं, तिथे सांगितलं बोर्ड गेला. त्याचा प्रश्न होता, खरंच गेला का?

नाही गेला. का नाही गेला ते आधी समजून घेऊ, कारण कारण कळलं की पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

या यंत्राच्या आत एसटीएम३२एफ०७२ नावाची चिप आहे. फर्मवेअर साठवायला तिच्यात १२८ केबी फ्लॅश मेमरी आहे. हो, केबी. तुमच्या व्हॉट्सअपवरचा सकाळचा गुलाबाचा फोटो यापेक्षा मोठा असतो. फ्लॅशवर नवीन लिहायचं तर आधी जुनं पुसावं लागतं, आणि ते २ केबीच्या पानांमध्ये पुसलं जातं. अशी ६४ पानं. पुसलेल्या पानावर सगळे बिट १ असतात. आता समजा ३० पानं नवीन लिहिली आणि लाईट गेली. पुढच्या वेळी चिप चालू होते, पहिल्या पानावरचा पत्ता वाचते, तिथे उडी मारते, चार पावलं नीट चालते आणि मग कोऱ्या पानात पाय पडतो. तिथे सूचना नाहीतच. चिप चूक पकडून जागेवर थांबते. स्क्रीनमागचा दिवा वेगळ्या वाटेने पेटलेला असतो, पण स्क्रीनला काय दाखवायचं ते सांगणारं कोणी पोचलेलं नसतं. म्हणून पांढरी.

फोनचं अपडेट असं फसत नाही, कारण अँड्रॉइड ७ पासून पुष्कळ फोनमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायची सोय आली. नवीन प्रत दुसऱ्या जागेवर लिहायची, ती चालू झाली नाही तर जुन्यावर परत यायचं. १२८ केबीत दोन प्रती कुठून बसवणार? इथे एकच प्रत आणि तीच पुसून तिच्यावर लिहायचं.

मग वाचवतं कोण? चिप बनवताना कारखान्यात एसटी कंपनीने तिच्यात एक छोटा प्रोग्राम कायमचा कोरलेला असतो. तो त्या १२८ केबीत नसतो, वेगळ्या जागेत असतो. तो तुम्हाला पुसता येत नाही, बदलता येत नाही, लाईट गेली तरी त्याला धक्का नाही. याला सिस्टिम बूटलोडर म्हणतात. त्याला एकच काम येतं: यूएसबीवरून नवीन फर्मवेअर घ्यायचं आणि फ्लॅशमध्ये लिहायचं. यूएसबीच्या या पद्धतीला डीएफयू म्हणतात.

आता दौंडच्या माणसाला दौंडचंच उदाहरण. पुण्याहून आलेली गाडी दौंड जंक्शनला आली की सांधा कसा लावलाय त्यावर ठरतं, सोलापूरकडे जाणार की मनमाडकडे. गाडी तीच, रूळ वेगळे. चिपचा असाच एक सांधा आहे, त्या पिनेचं नाव बूट-झिरो. चालू होण्याच्या क्षणी या पिनेवर व्होल्टेज नसेल तर चिप फ्लॅशमधल्या तुमच्या फर्मवेअरकडे जाते. ३.३ व्होल्ट असेल तर कारखान्यातल्या बूटलोडरकडे. फ्लॅशमध्ये कचरा असो नाहीतर काहीच नसो, त्या वाटेने चिप जातच नाही, मग तिथे अडकायचा प्रश्नच नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: सांधा फक्त चालू होताना बघितला जातो. गाडी पुढे निघून गेल्यावर सांधा हलवून उपयोग नाही.

आणि इथेच निम्मे लोक फसतात. यूएसबी काढली, परत लावली, काही झालं नाही म्हणतात. अरे, आत बॅटरी आहे! केबल काढल्याने चिप बंदच झालेली नाही, ती आपली पांढऱ्या स्क्रीनवर अडकून जागीच आहे. केबल काढा, बाजूचा सरकता स्विचही बंद करा, पाच-दहा सेकंद थांबा. मग तो खरा पुन्हा चालू करणं.

सांधा बदलायच्या तीन वाटा आहेत. यंत्र चालत असेल तर मेनूत कॉन्फिगमध्ये डीएफयूचा पर्याय असतो, पण आपलं बंद आहे तेव्हा ती वाट नाही. दुसरी, नंतरच्या बऱ्याच बोर्डांवर वरचं डावी-उजवीकडे सरकणारं जॉग बटण आत दाबून धरायचं आणि तसंच धरून स्विच चालू करायचा. हे आधी करून बघा, उघडायची गरज पडत नाही. तिसरी वाट जुन्या बोर्डांसाठी: मागचे स्क्रू काढायचे, बोर्डवर बूट-झिरो लिहिलेला बिंदू शोधायचा, आणि तो चिमट्याने किंवा तारेच्या तुकड्याने शेजारच्या व्हीडीडी बिंदूला टेकवून स्विच चालू करायचा. दोन सेकंदांनी तार काढून घ्यायची. बोर्डची प्रत बदलली की हे बिंदू इकडेतिकडे जातात, त्यामुळे दुसऱ्याच्या व्हिडिओवर विसंबू नका, तुमच्या बोर्डवर छापलेली अक्षरं वाचा. आणि आत लिथियम सेल आहे. त्याच्या दोन टोकांना चिमटा लागला तर यंत्राचं सोडा, हात भाजेल.

डीएफयूत गेलं की काय दिसतं? काहीच नाही. स्क्रीन कोरी राहते, कारण कारखान्यातल्या त्या छोट्या बूटलोडरला स्क्रीन म्हणजे काय हेच माहीत नाही. लोक इथे घाबरतात आणि पुन्हा बंद करतात. स्क्रीनकडे बघू नका, कॉम्प्युटरकडे बघा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये एसटीएम३२ बूटलोडर किंवा एसटीएम डिव्हाइस इन डीएफयू मोड असं नाव येतं. लिनक्सवर एलएसयूएसबी ही कमांड दिली की ०४८३ कोलन डीएफ११ हा आकडा दिसतो. हा आकडा दिसला की पेढे आणायला हरकत नाही. चिप जिवंत आहे, यूएसबी जिवंत आहे, बाकी सगळं टायपिंगचं काम.

आकडा दिसत नसेल तर आधी केबल बदला. मग परत केबल बदला. मी हे गंमतीत म्हणत नाहीये. पॉवर बँकेबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. दौंडच्या मित्राचं पहिलं अर्ध्या तासाचं दुखणं हेच निघालं. सुरुवातीच्या काही बोर्डांवर टाईप-सी ते टाईप-सी केबल चालतच नाही, कारण सॉकेटला लागणारे दोन रेझिस्टर बसवलेले नव्हते. एका बाजूला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल घ्या.

आता फाईल. इथे घाई नको. तुमचं मॉडेल कोणतं ते मागच्या लेबलवर बघा. २.८ इंच स्क्रीनचं नॅनोव्हीएनए-एच असेल तर त्यात एफ०७२ चिप. ४ इंच स्क्रीनचं एच४ असेल तर आत एफ३०३ चिप, म्हणजे फर्मवेअर पूर्ण वेगळं. एचची फाईल एच४ मध्ये टाकली तरी बूटलोडर काही न बोलता लिहून टाकतो, त्याला काय कळतंय, आणि स्क्रीन पुन्हा पांढरी. नुकसान कायमचं नाही, बरोबर फाईल टाकली की सुटतं, पण रात्र जाते. व्ही२ नावाने विकलं जाणारं यंत्र ही वेगळीच रचना आहे. त्याची चिप आणि अपडेटची पद्धत वेगळी, आजचं काहीही त्याला लागू करू नका.

फाईल दोन रूपांत मिळते. शेवटी बिन असलेली फाईल म्हणजे नुसता माल, कुठे उतरवायचा ते त्यात लिहिलेलं नसतं, पत्ता तुम्ही द्यायचा. शेवटी डीएफयू असलेली फाईल म्हणजे पत्ता लिहिलेलं पार्सल. विंडोजवर एसटी कंपनीचाच क्यूब प्रोग्रामर मोफत मिळतो, तो ड्रायव्हरही बसवतो, त्यात यूएसबी निवडून कनेक्ट करा, फाईल दाखवा, डाऊनलोड दाबा. लिहून झाल्यावर व्हेरिफायची खूण करायला विसरू नका.

मला स्वतःला डीएफयू-युटिल आवडतं, कारण ते लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे सारखं चालतं. कमांड अशी: डीएफयू-युटिल, स्पेस, डॅश डी, ०४८३:डीएफ११, स्पेस, डॅश ए, ०, स्पेस, डॅश एस, ०एक्स०८००००००:लीव्ह, स्पेस, डॅश मोठा डी, आणि फाईलचं नाव. सगळी अक्षरं इंग्रजी, आणि लहान डी व मोठा डी यांचे अर्थ वेगळे. लहान डी कोणतं यंत्र ते सांगतो, मोठा डी कोणती फाईल ते. ०एक्स०८०००००० हा फ्लॅशच्या पहिल्या पानाचा पत्ता. शून्य मोजून टाका, आठच्या आधी एक, आठच्या नंतर सहा. लीव्ह म्हणजे काम झालं की बूटलोडरमधून बाहेर पड.

दोन संदेश बघून घाबरायचं नाही. बिन फाईल दिली की डीएफयू सफिक्स नाही अशी कुरकुर येते, ती फक्त सूचना आहे. आणि अगदी शेवटी लीव्ह झाल्यावर कधीकधी एरर येते, कारण प्रश्न विचारेपर्यंत यंत्र बूटलोडर सोडून निघून गेलेलं असतं. आधी १०० टक्के आणि फाईल डाऊनलोडेड सक्सेसफुली दिसलं असेल तर झालंय.

लिनक्सवर परवानगी नाकारली तर आधी सुडो लावा. विंडोजवर डीएफयू-युटिलला यंत्र दिसत नसेल तर झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रामने विनयूएसबी ड्रायव्हर बसवावा लागतो. झॅडिगमध्ये यादीतून नीट बघून निवडा. माउसचा ड्रायव्हर उडवून मग कीबोर्डवर विंडोज चालवणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, आमच्याकडे लॅपटॉपच नाही. अँड्रॉइड फोन आणि ओटीजी असेल तरी जमतं. क्रोममध्ये वेबयूएसबी नावाची सोय आहे, तिच्यामुळे वेबपेज थेट यूएसबी यंत्राशी बोलू शकतं, आणि वेबडीएफयू हा खुला प्रकल्प नेमकं हेच काम करतो. कनेक्ट दाबायचं, यादीत एसटीएम३२ बूटलोडर निवडायचं, फाईल द्यायची. आयफोनवर हे चालत नाही. लाईटच्या भरवशावर नसलेल्या गावात मला ही वाट डेस्कटॉपपेक्षा बरी वाटते, कारण फोनची स्वतःची बॅटरी आहे. तोच मुद्दा लॅपटॉपचा: चार्जर लावलेला असो नसो, बॅटरी अर्धी भरलेली असली की पुरे. लिहायला मिनिटभरही लागत नाही, पण ते मिनिट नेमकं फीडर बदलायचं मिनिट निघतं.

दौंडच्या मित्राने केबल बदलल्यावर व्हिडिओ कॉलवर हे केलं. मी शिरूरला, तो तिकडे. यंत्र उठलं. पण बोट एका जागी ठेवलं की कर्सर दुसरीकडे. यालाही कारण आहे. टचची मापं आणि कॅलिब्रेशन फ्लॅशच्या शेवटच्या पानांत ठेवलेली असतात, आणि फर्मवेअरची फाईल तिथपर्यंत पोचत नाही. म्हणजे नवीन फर्मवेअर आणि जुनी नोंदवही. दोघांची लिहिण्याची पद्धत जुळली नाही की असा घोळ. यूएसबीवरच्या टर्मिनलमध्ये क्लिअरकॉन्फिग, स्पेस, १२३४ अशी कमांड दिली की वही कोरी होते. मग यंत्र बंद-चालू करून मेनूत टच कॅल करायचं आणि सेव्ह करायचं. सेव्ह राहिलं तर उद्या परत तेच.

हे उपाय कुठे चालत नाहीत तेही सांगतो. डीएफयूतही यंत्र दिसतच नसेल, तीन केबल आणि दोन कॉम्प्युटर झाले असतील, तर बोर्डवर एसडब्ल्यूडीचे बिंदू असतात, तिथे एसटी-लिंक नावाचा प्रोग्रामर लावून चिपशी थेट बोलता येतं. तिथेही उत्तर आलं नाही तर मग दुखणं फर्मवेअरचं नाही, पॉवरचं किंवा चिपचं आहे. काही कंपन्या आपला कोड कोणी वाचू नये म्हणून चिपला कुलूप लावतात. पहिल्या पातळीचं कुलूप काढता येतं, पण काढताना सगळी फ्लॅश पुसली जाते, म्हणजे मूळ फर्मवेअर हाताशी नसेल तर हात लावू नका. दुसऱ्या पातळीचं कुलूप कायमचं. नॅनोव्हीएनए खुलं असल्यामुळे आपल्याला ही अडचण नाही. खुलं यंत्र घ्या असं मी वारंवार का म्हणतो, त्यामागे तत्त्वज्ञान थोडं आणि हा स्वार्थ जास्त आहे.

कंपोनंट टेस्टर, तो ट्रान्झिस्टर-कपॅसिटर ओळखणारा स्वस्त डबा, त्याबद्दलही विचारणा असते. त्याची मूळ रचना जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेक आणि कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांची. त्यात सहसा एटमेगा३२८ चिप असते. तिच्यात कारखान्यातून कोरलेला यूएसबी बूटलोडर नसतो, आयएसपी प्रोग्रामर लागतो, आणि स्क्रीनच्या जोडण्या प्रत्येक नकलेत वेगळ्या. तो वेगळा एपिसोड.

यंत्र उठलं म्हणून लगेच अँटेना लावून आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. वही पुसली म्हणजे कॅलिब्रेशनही गेलं. डब्यात तीन छोट्या टोप्या येतात: ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचा लोड. आधी फ्रिक्वेन्सीचा पल्ला ठरवा, मग या तिन्ही क्रमाने लावून कॅलिब्रेशन करा. आणि पल्ला भलामोठा ठेवू नका. यंत्र एका फेरीत १०१ बिंदू मोजत असेल आणि पल्ला ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ ठेवलात, तर दोन बिंदूंत ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं. लोराचा आपला पट्टा त्याहूनही अरुंद, तो दोन बिंदूंच्या मधे हरवून जाईल. ८५० ते ८८० ठेवा. कॅलिब्रेशननंतर तोच ५० ओहमचा लोड परत लावा: स्मिथ चार्टवर ठिपका मध्यभागी बसला पाहिजे. बसला नाही तर टोपी सैल आहे किंवा क्रम चुकलाय, पुन्हा करा.

हे झालं की पुढच्या अपडेटच्या आधी एक प्रत काढून ठेवा. यंत्र डीएफयूत टाकायचं आणि मघाचीच कमांड, फक्त डॅश मोठ्या डीच्या जागी डॅश मोठा यू, आणि पत्त्यापुढे लीव्हच्या जागी १३१०७२. हे १२८ केबीचे बाइट. एच४ असेल तर फ्लॅश २५६ केबी, म्हणून २६२१४४. यात फर्मवेअर, टचची मापं आणि कॅलिब्रेशन सगळंच येतं. फाईलच्या नावात मॉडेल आणि तारीख घाला आणि स्वतःलाच व्हॉट्सअप करून ठेवा.